व्हिनाइल मशीनवर हेडची उंची लावताना : माप बेडवरून नको, मालावरून घ्या

छपाई मशीनचं हेड, म्हणजे शाई फेकणारा भाग, मालाला घासल्याचा आवाज एकदा ऐकला की तो माणूस विसरत नाही. हेडला घेऊन डावी-उजवीकडे पळणाऱ्या कॅरेजचा नेहमीचा सर्र-सर्र ताल चालू असतो आणि मध्येच एक कोरडा ‘खर्र’ येतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे एका मिठाईच्या दुकानाच्या काचेचं व्हिनाइल (स्टिकरचा माल) छापणं चाललं होतं. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. ऑपरेटर पाच मिनिटांसाठी बाहेर गेला. परत येईपर्यंत पांढऱ्या भागावर निळ्या शाईचा केसासारखा बारीक ओरखडा उमटला होता, डावीकडच्या कडेपासून हातभर आत गेलेला. नोझल चेक, म्हणजे हेडच्या प्रत्येक बारीक छिद्रातून शाई येते का ते दाखवणारा नमुना, मारला तर निळ्याच्या रांगेतले अकरा नोझल गायब. सात परत आले, चार कायमचे गेले.

दुसऱ्या दिवशी धसका घेऊन आम्ही हेड चांगलं वर उचललं. घासणं थांबलं, पण फोन नंबरचे आकडे डबल यायला लागले आणि काळ्या अक्षरांभोवती धुकं दिसायला लागलं. तेव्हा नीट समजलं की उंची म्हणजे एक स्क्रू वर-खाली करण्याचं काम नव्हे. एकीकडे हेडचा जीव, दुसरीकडे छपाईची धार, आणि हेड व मालाच्या मध्ये दीड-दोन मिलिमीटरची फट. ही फट कशी मोजायची, कशी लावायची आणि लावल्यावर आणखी काय काय तपासायचं, ते सगळं इथे लिहितो. आमचं काम सहा फुटी इको-सॉल्व्हंट मशीनवरचं आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. दहा फुटी फ्लेक्स मशीनवालेही हीच पद्धत वापरू शकतात, आकडे तेवढे बदलतील.

त्या दोन मिलिमीटरमध्ये काय घडतं

इको मशीनचं हेड काही पिकोलिटरचे थेंब फेकतं. ४ पिकोलिटरचा थेंब साधारण २० मायक्रॉन व्यासाचा असतो, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कितीतरी बारीक. इतक्या हलक्या थेंबाला हवेतून लांब जायला लावलं की त्याचा वेग मरतो, तो भरकटतो, आणि मुख्य थेंबामागे सुटलेले बारीक कण मालावर पडायच्या ऐवजी आजूबाजूला उडतात. अक्षराभोवतीचं धुकं ते हेच. हेड जितकं उंच तितकं धुकं जास्त.

पण खरा त्रास वेगळाच आहे, आणि तो समजला की पुढचं सगळं सोपं जातं. थेंब सुटतो तेव्हा कॅरेज पळत असते. समजा थेंबाचा वेग सेकंदाला ६ मीटर आणि कॅरेजचा ०.६ मीटर धरला. फट २ मिमी असेल तर थेंबाला खाली पोचायला सेकंदाचा तीन हजारावा भाग लागतो. तेवढ्यात कॅरेज ०.२ मिमी पुढे गेलेली असते आणि थेंबही तेवढाच पुढे पडतो. कॅरेज उजवीकडे जाताना तो उजवीकडे सरकतो, परतताना डावीकडे. म्हणजे दोन दिशांच्या ठिपक्यांत ०.४ मिमीचा फरक. मशीनमधलं बायडायरेक्शनल कॅलिब्रेशन, आपण ज्याला ‘बायडी’ म्हणतो, ते हाच फरक भरून काढतं.

आता व्हिनाइलची कड अर्धा मिलिमीटर वर आली असं धरा. तिथे फट दीड मिलिमीटरच उरली. हिशोब केला तर त्या जागी दोन दिशांच्या ठिपक्यांत ०.१ मिमीची चूक निघते. ७२० डीपीआयवर एका ठिपक्याची जागा ०.०३५ मिमी असते, म्हणजे ही जवळजवळ तीन ठिपक्यांची चूक झाली. “दादा, मध्ये एकदम नीट येतंय, कडेलाच डबल मारतंय,” असं ऑपरेटर सांगतो तेव्हा हेडला दोष देण्याआधी कडेला माल उचललाय का ते वाकून पाहा. बहुतेक वेळा उचललेलाच असतो.

या हिशोबातून दोन गोष्टी निघतात. फट कमी असावी, आणि पूर्ण रुंदीभर सारखी असावी. अनेकजण पहिल्या गोष्टीच्या मागे लागतात आणि दुसरी विसरतात.

आधी आपल्या मशीनची रचना ओळखा

रोलँड, मिमाकी, म्युटो यांच्या बऱ्याच मॉडेलवर कॅरेजलाच एक लिव्हर असतो. त्याला ठरलेल्या दोन-तीन पायऱ्या असतात, खालची रोजच्या मालासाठी, वरची जाड किंवा फुगणाऱ्या मालासाठी. अशा मशीनवर स्क्रूला हात लावायचं कारण सहसा पडत नाही. लिव्हर हलवा, बायडी करा आणि काम चालू करा. फक्त लिव्हर पूर्ण शेवटपर्यंत बसलाय याची खात्री करा. अर्धवट राहिलेला लिव्हर चालू कामात घसरतो.

आपल्याकडे गावोगावच्या दुकानांत दिसणाऱ्या, एक्सपी६०० किंवा आय३२०० हेडच्या चिनी बनावटीच्या मशीनवर मात्र बहुधा कॅरेजची पाटी स्क्रूवर वर-खाली होते. काहींना बाजूला एकच मोठा नॉब असतो, काहींना चार कोपऱ्यांना चार स्क्रू. पुढची कृती मुख्यतः अशा मशीनसाठी आहे.

मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पहिला मानायचा. नसेल तर सपाट बसणाऱ्या व्हिनाइलला आम्ही मालाच्या पृष्ठभागापासून १.५ ते २ मिमी ठेवतो आणि फ्लेक्सला २ ते ३. दीडच्या खाली आम्ही कधीही जात नाही. धार थोडी वाढते हे खरं, पण एका धुळीच्या कणाने हेड जाऊ शकतं.

हाताशी काय हवं

प्लॅस्टिकच्या पात्यांचं फिलर गेज मिळालं तर उत्तमच. लोखंडी पात्यांचं गेज हेडजवळ नेऊ नका, नोझल प्लेटला एक चरा पडला की तो पुसता येत नाही. गेज नसेल तर घरच्या घरी बनवता येतं. बँकेचं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, ते प्रमाणच ठरलेलं आहे. मुदत संपलेली, उठावाचे आकडे नसलेली दोन कार्डं चिकटवली की दीड मिलिमीटरच्या किंचित वरचा ठोकळा तयार होतो. त्यावर व्हिनाइलचे तुकडे चिकटवत गेलात की १.७५, २, २.२५ असे ठोकळे बनतात. प्रत्येक ठोकळा डिजिटल व्हर्निअरने मोजा आणि मिळालेला आकडा त्याच्यावरच मार्करने लिहा. कडा बारीक पॉलिश पेपरने गोल करून घ्या. आमचे असे पाच ठोकळे मशीनच्या खणात कायम असतात.

बाकी लागेल ते ऍलन कीचा संच, टॉर्च, पाणसळ, हातमोजे, तंतू न सुटणारे स्वॅब, शाईला चालणारं क्लीनिंग लिक्विड, आणि सोनाराकडे असतं तसं दहा पटीचं भिंग.

माप घेण्याआधीची तयारी

सुरुवात नोझल चेकने करा आणि तो कागद तारीख टाकून बाजूला ठेवा. नंतर काही बिघडलं तर ते आधीपासूनचं होतं की आपण केलेलं, हे त्यावरूनच कळतं.

मग बेड, म्हणजे माल ज्यावरून सरकतो तो सपाट भाग, पुसा. बेडवर सुकलेल्या शाईच्या खपल्या, जुन्या स्टिकरचा गम आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कटरने माल कापताना पडलेले बारीक चुरे, हे सगळं मालाखाली गेलं की उंचवटा होतो. हाताची बोटं बेडवरून हळू फिरवा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं. कॅरेजच्या पोटाखालीही टॉर्च मारून पाहा. शाई आणि धूळ मिळून बनलेला लोकरीसारखा गोळा तिथे लटकलेला असतो आणि कित्येकदा माल त्यालाच घासतो, हेडला नाही. तो स्वॅबने काढा, नोझलच्या रांगांना न शिवता.

मशीनच्या पायांची पातळी पाणसळीने बघून घ्या. मशीन नुकतंच हलवलं असेल किंवा नवीन जागी फरशी बसलेली नसेल तर चौकट किंचित पिळलेली असते. अशा मशीनवर हेडची उंची कितीही लावा, एका टोकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त येणारच.

आता माल लावा. ज्या रोलवर काम करायचं तोच रोल, तुकडा नको. माल दाबून धरणारे पिंच रोलर खाली घ्या, मालाला बेडकडे ओढून धरणारा व्हॅक्यूम चालू करा आणि हीटर रोजच्या तापमानाला न्या. आमच्याकडे व्हिनाइलसाठी ते ४० अंशांच्या आसपास असतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बेडची ॲल्युमिनियमची पाटी तापून फुगते, व्हिनाइलही गरम होऊन मऊ पडतं आणि कुठे कुठे लाट धरतं. थंड मशीनवर, रिकाम्या बेडवरून घेतलेलं माप हे मशीन बंद असतानाचं माप आहे. छपाई त्या स्थितीत होत नाही. माझं या लेखात आग्रहाने सांगणं एवढंच आहे, की चालू स्थितीत, मालाच्या सगळ्यांत उंच जागेवरून मोजा.

माप घेणं

कॅरेज मोकळी करायचा पर्याय मशीनच्या मेन्यूत बहुधा असतो. तो वापरा, कॅरेज कॅपवरून (काम नसताना हेड झाकणाऱ्या रबरी झाकणावरून) बाहेर आली की मशीनचा मुख्य स्विच बंद करा आणि बोटं आत घाला. हीटर-व्हॅक्यूमही त्याच स्विचवर असतील तर काम भराभर उरका, बेड लगेच थंड होत नाही. कॅपमध्ये अडकलेली कॅरेज जोर लावून ओढू नका. मोकळी झाल्यावरही तिला सावकाश ढकला, कारण बेल्ट वेगाने ओढला की मोटर उलटी फिरून वीज तयार करते आणि ती बोर्डात जाते.

हेड कॅपच्या बाहेर म्हणजे उघड्यावर आहे हे विसरू नका. आम्ही घड्याळ लावतो. पाच मिनिटं झाली की कॅरेज परत कॅपवर, एक हलकं क्लीनिंग, मग पुढचं काम. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर.

ठोकळा मालावर ठेवून कॅरेजच्या पाटीखाली सरकवायचा. नोझलच्या रांगांखाली कधीच नाही. पाटीच्या कडेला, किंवा फार तर हेडभोवतीच्या धातूच्या चौकटीच्या कोपऱ्याला. इथे एक बारकावा आहे. काही कॅरेजमध्ये नोझल प्लेट पाटीच्या पातळीतच असते, काहींत थोडी खाली येते. बाजूने डोळा बेडच्या पातळीवर आणून, मागे टॉर्च धरून बघा, प्रकाशाची फट सरळ दिसते की हेडपाशी बारीक होते. हेड अर्धा मिलिमीटर खाली असेल आणि तुम्ही पाटीखाली २ मिमी मोजले, तर खरी फट दीडच आहे.

बरोबर माप कसं ओळखायचं? ठोकळा आत जाताना बोटाला हलकी ओढ लागली पाहिजे, पाण्याने ओल्या काचेवर कागद सरकवल्यासारखी. ढकलावा लागला तर ठोकळा फटीपेक्षा जाड आहे, आणि वर-खाली हलला तर पातळ.

हे माप सहा फुटी मशीनवर निदान पाच ठिकाणी घ्या. दोन्ही कडांपासून दोन-दोन इंच आत, मध्यावर, आणि मधल्या दोन जागी. प्रत्येक जागी कॅरेजच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगळं. आकडे कागदावर लिहा. एकदा आमचे आकडे डावीकडून असे आले होते : १.७५, २, २, २.२५, २.२५. म्हणजे मशीन उजवीकडे उघडत चाललं होतं. अशा वेळी स्क्रूकडे वळायचं नाही. आधी पाय, मग रेल, मग बेडचे स्क्रू तपासायचे, आणि रेल-बेडचं काम स्वतः न करता माहितगार मेकॅनिककडून करून घ्यायचं. अर्ध्या मिलिमीटरचा असा उतार असेल तर बायडी एका टोकाला जुळेल आणि दुसऱ्याला सुटेल.

पुढच्या आणि मागच्या मापात फरक आला तर हेड किंवा कॅरेज तिरकी बसलीय. हेड नुकतंच बदललं असेल तर त्याच्या बैठकीखाली शाईची खपली अडकलीय का ते आधी पाहा.

उंची बदलणं

सगळ्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा धरायचा. त्या जागी फट आपल्याला हवी तेवढी आली की बाकी सगळीकडे ती तेवढी किंवा जास्त असणारच.

स्क्रूला हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पाटीपर्यंत मार्करने एक रेघ मारा. परत मूळ जागी यायचं झालं तर हीच रेघ उपयोगी पडते. मग एका वेळी एकच लॉक नट सैल करायचा, चारही एकदम नाही. चारही सैल केले की कॅरेज एका बाजूला कलते आणि हेडचा कोपरा खाली येतो.

किती फिरवायचं याचा अंदाज आधीच करता येतो. एम४ स्क्रूच्या आट्यांतलं अंतर ०.७ मिमी असतं, त्यामुळे पाव फेरीला जवळजवळ ०.१७५ मिमी. एम३ असेल तर अंतर अर्धा मिलिमीटर, पाव फेरीला ०.१२५. कॅरेज कॅप आणि बेड या दोन्हींपासून बाजूला, माल नसलेल्या जागी घ्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने पाव पाव फेरी द्या. एक चक्कर पूर्ण झाली की माप. परत पाव फेरी, परत माप. घाई करणाऱ्याचा हात इथेच चुकतो. पूर्ण फेरी एका दमात दिली की कोणता कोपरा किती हलला हे कळेनासं होतं.

दोन हेडचं मशीन असेल तर दोन्ही हेडची फट सारखी यायला हवी. एक हेड पाव मिलिमीटर वर राहिलं तर त्याचे रंग बायडीत कधीच दुसऱ्याशी जुळत नाहीत. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आकडे बदलत बसता आणि दोष असतो खाली.

लॉक नट आवळल्यावर पुन्हा एकदा पूर्ण रुंदीभर माप घ्या. आवळताना स्क्रू थोडासा ओढला जातो, आणि शेवटचं माप बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा जरा वेगळंच निघतं. मग बंद मशीनवर, हाताने, सावकाश कॅरेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मालावरून न्या आणि कान देऊन ऐका. पिंच रोलर, कडेच्या मीडिया क्लिपा, एन्कोडर पट्टी, शाईच्या नळ्या, कुठेही काही लागता कामा नये. कडेच्या पत्र्याच्या क्लिपा मालापेक्षा उंच असतात. फट कमी ठेवणार असाल तर त्या काढूनच ठेवा.

कॅप आणि वायपर

यावर जरा थांबतो, कारण आमचं दुसरं नुकसान इथेच झालं. वर सांगितलेल्या रात्रीनंतर आम्ही हेड वर घेतलं, दिवसभर काम केलं आणि मशीन नेहमीसारखं बंद केलं. सकाळी नोझल चेकमध्ये अर्धी पानं कोरी. कारण साधं होतं. आमच्या मशीनवर हेडसकट कॅरेजची पाटी वर जाते, पण कॅप होती तिथेच राहते. हेड वर गेल्यावर कॅपचं रबर हेडला नीट टेकत नव्हतं, रात्रभर हवा आत जात राहिली आणि नोझलमधली शाई सुकली.

म्हणून उंची बदलली की कॅप तपासल्याशिवाय मशीन बंद करायचं नाही. कॅरेज कॅपवर आणा, एक साधं क्लीनिंग द्या आणि वेस्टच्या, म्हणजे वाया शाईच्या, नळीकडे बघा. शाई सलग वाहत गेली तर कॅप बसलीय. नळीत बुडबुडे जास्त आणि शाई तुटक दिसली तर हवा आत शिरतेय. कॅपिंग स्टेशन उचलायचे स्क्रू असतात, ते हळूहळू वर घेऊन पुन्हा तपासा. हेड खाली आणलं असेल तर उलटं होतं : कॅप फार दाबली जाते, कॅरेज आत येताना अडखळते आणि रबराची कड लवकर चेपते.

हेड पुसणाऱ्या रबरी पट्टीचं, म्हणजे वायपरचंही तसंच. त्याची कड हेडखालून जाताना किंचित वाकली पाहिजे. वाकलीच नाही तर क्लीनिंगनंतर थेंब लटकत राहतात आणि पहिल्याच पासला, म्हणजे कॅरेजच्या पहिल्याच फेरीला, व्हिनाइलवर टपकतात. फार वाकली तर सुटताना झटका बसून शाई उडते आणि एका रंगाची शाई दुसऱ्याच्या नोझलमध्ये जाते. पिवळ्यात काळपट झाक यायला लागली तर हे तपासा.

बायडी आणि बाकीचं कॅलिब्रेशन

पहिली पायरी नोझल चेक. सुरुवातीला तारीख टाकून ठेवलेल्या कागदाशी ताडून बघा. नोझल पूर्ण नसतील तर पुढचं कॅलिब्रेशन करून उपयोग नाही.

मग हेडचा उभा-आडवा कोन पाहणारा नमुना छापा, स्क्रूवर काम केलं असेल तर हे हवंच. पाटी थोडी जरी तिरकी झाली तरी रेघा तुटलेल्या दिसतात. त्यानंतर रंग-रंगातलं किंवा हेड-हेडमधलं अंतर, आणि शेवटी बायडी. हा क्रम सोडू नका, आधीच्या पायरीतली चूक पुढची पायरी झाकून टाकते.

बायडीचा नमुना मालाच्या डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असा तीनदा छापा. ज्या पासला आणि ज्या वेगाने रोज काम करता त्याच वेगाने. वेग बदलला की वरच्या हिशोबातला कॅरेजचा आकडा बदलतो, आणि म्हणून ‘हाय स्पीड’चा आकडा ‘नॉर्मल’ला लावून चालत नाही. भिंगातून दोन्ही दिशांच्या रेघा एकमेकींवर पडताहेत का ते पाहा. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर दोन-तीन आकडे सारखेच वाटतात, भिंगात एकच खरा ठरतो.

तिन्ही जागी एकच आकडा आला तर उंचीचं काम नीट झालं. डावीकडे ६, मध्ये ४, उजवीकडे ४ असं आलं तर बायडीशी झगडू नका, डावीकडची फट परत मोजा.

शेवटी एक खरीखुरी चाचणी छापा. आम्ही पूर्ण रुंदीची एक फूट पट्टी ठेवली आहे : सहा पॉइंटचा मराठी मजकूर, एकेक ठिपक्याच्या उभ्या रेघा आणि काळा-निळा भरीव चौकोन. मराठी मजकूर मुद्दाम आहे. अनुस्वाराचा टिंब आणि ‘र्‍य’चा बारीक फाटा यांत डबल छपाई सर्वांत आधी दिसते. इंग्रजी जाड अक्षरात ती लपून जाते.

फीड म्हणजे स्टेपचं (माल दर वेळी किती पुढे सरकतो त्याचं) कॅलिब्रेशन उंचीमुळे फारसं बदलत नाही. आडव्या रेघा दिसल्या तरच त्याकडे जा.

पावसाळा, हिवाळा आणि माल

व्हिनाइलच्या खाली कागदाचा थर असतो. पावसाळ्यात हा कागद ओल पितो आणि फुगतो, वरची पीव्हीसीची फिल्म मात्र फुगत नाही. मग मालाची कड फिल्मच्या बाजूला, म्हणजे वर, हेडच्या दिशेने वळते. जुलै-ऑगस्टमध्ये हेड घासायचं प्रमाण वाढतं ते यामुळेच. आमच्या मिठाईच्या दुकानाच्या कामातही हेच झालं होतं. दोन दिवस उघडा पडलेला रोल, आणि उंची मात्र मे महिन्यात लावलेली.

यावर उपाय हेड वर उचलणं हा पहिला नसावा. रोल कायम प्लॅस्टिकच्या पिशवीत, उभा ठेवा. वापरायच्या आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणून ठेवा. बाहेरचा वळलेला पहिला अर्धा मीटर कापून टाका. अरुंद माल लावला असेल तर बेडवरची उघडी राहिलेली व्हॅक्यूमची भोकं टाकाऊ स्टिकरच्या पट्ट्यांनी झाका, ओढ दुपटीने वाढल्यासारखी जाणवते. एवढं करूनही कड उचलत असेल तर मग पाव मिलिमीटर वर जा, आणि बायडी परत करा.

काम मध्येच थांबवलं तर हीटर चालू असतो आणि माल एकाच जागी तापत राहतो. पिंच रोलरच्या मधल्या जागेत त्याला फुगे येतात. पुन्हा चालू करण्याआधी माल हातभर पुढे सरकवा आणि बाजूने वाकून बघा. लाइट गेली आणि आली, लगेच बटण दाबलं, आणि पहिल्याच पासला घासलं, ही गोष्ट बऱ्याच दुकानांत घडलेली आहे.

हिवाळ्यात त्रास वेगळा. हवा कोरडी, माल सुटताना चुरचुर वाजतो, अंगावरचे केस उभे राहतात. ही स्थिर वीज बारीक थेंबांना ओढते, आणि हेड उंच असेल तर धुकं दुप्पट दिसतं. मशीनची अर्थिंग तपासा. ओल्या कापडाने फरशी पुसल्यानेही फरक पडतो. आणि कोणत्याही ऋतूत टेबल फॅनचं तोंड बेडकडे नको.

वन वे व्हिजनला (काचेवर लावायच्या भोकाभोकांच्या फिल्मला) भोकं असल्याने व्हॅक्यूमची पकड कमी बसते, तिथे आम्ही २ मिमीच्या खाली जात नाही. शिवण किंवा जोड असलेल्या फ्लेक्सवर जोडाची जाडी मोजून, त्याच्या वर फट धरा. एकदा छापून परत गुंडाळलेला रोल पुन्हा लावताना त्याची कड विश्वास ठेवण्यासारखी नसते, तो आम्ही नेहमी हाताने चाचणी फेरी मारूनच चालू करतो.

तरीही घासलंच तर

लगेच थांबवा, पण लाइट तोडून नाही. पॉजचं बटण दाबा म्हणजे कॅरेज कॅपवर जाईल. मधेच अडकली असेल तरच इमर्जन्सी, आणि मग मशीन बंद करून हाताने हळूच कॅपवर न्या. हेड कापडाने पुसू नका, तंतू नोझलमध्ये शिरतात. एक साधं क्लीनिंग द्या, नोझल चेक मारा. काही नोझल गेले असतील तर सलग पाच-सहा जोरदार क्लीनिंग देत बसू नका, त्याने हवा ओढली जाते. कॅपमध्ये क्लीनिंग लिक्विड भरून अर्धा तास हेड त्यावर बसू द्या, मग पुन्हा पाहा. आमचे सात नोझल असेच परत आले.

उंची, मालाचं नाव, हीटरचं तापमान, पास, वेग आणि बायडीचे तिन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहून मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. आमच्या झाकणावर आता व्हिनाइल, फ्लेक्स आणि वन वे अशा तीन चिठ्ठ्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला हात लावण्याआधी नोझल चेक मारा आणि आदल्या दिवशीच्या कागदाशेजारी ठेवा. दोन्ही सारखे दिसले तर कॅपही बसलीय, मग पहिला रोल लावा.